कर्जाला जामीन राहण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जवळचं कुणीतरी येतं, म्हणतं कर्ज मंजूर झालंय, फक्त तुझी एक सही पाहिजे. नाही म्हणायला जीभ रेटत नाही, सही होते, आणि काही वर्षांनी त्याच सहीची नोटीस घरी येते. ह्यावर लोक पुन्हा पुन्हा जे प्रश्न पाठवतात ते इथे एकत्र केलेत. काही जण सही करायच्या आधी विचारतात, पण बहुतेक जण नंतर, आणि त्याचंच वाईट वाटतं. उत्तरं भारतातल्या कायद्याप्रमाणे आहेत, पतसंस्थांबद्दलची महाराष्ट्रातल्या. नोटीस हातात आली असेल तर हे वाचून थांबू नका, कागद घेऊन वकिलाकडे जा.

१. जामीनदाराची सही म्हणजे फक्त ओळखीसाठी असते ना? "मी ह्या माणसाला ओळखतो" एवढंच?

नाही. ओळख देणारा वेगळा, त्याला रेफरन्स म्हणतात, त्याच्यावर पैशाची जबाबदारी नसते. जामीनदार म्हणजे "ह्याने नाही भरले तर मी भरेन" असं लेखी वचन देणारा. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२६ मध्ये हमीचा करार सांगितलाय आणि कलम १२८ म्हणतं की वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. म्हणजे मुद्दल, व्याज, दंडाची रक्कम, वसुलीचा खर्च सगळं. पैसे दुसऱ्याच्या खात्यात गेले, वस्तू दुसऱ्याने घेतली, तुम्हाला एक रुपया मिळाला नाही, ह्याने काही फरक पडत नाही. कर्मचारी "फॉर्मॅलिटी आहे हो" म्हणाला असेल तरी कागदावर जे लिहिलंय तेच धरलं जातं.

२. गॅरंटर आणि को-अ‍ॅप्लिकंट एकच का?

एकच नाहीत, पण वसुलीच्या वेळी दोघांचे हाल सारखेच. को-अ‍ॅप्लिकंट म्हणजे सहकर्जदार, कर्ज पहिल्या दिवसापासून त्याच्याही नावावर, हप्ता चुकला की त्याचाही चुकला. गॅरंटरचं नाव हमीपत्रावर असतं आणि कर्ज थकलं की त्याच्याकडे मागणी येते. होमलोनमध्ये सहकर्जदार घराचा सहमालकही असेल आणि हप्ते भरत असेल तर नियमात बसणारी टॅक्सची सवलत त्याला मिळू शकते, गॅरंटरला कसलीच सवलत नाही आणि घरावर हक्कही नाही. तुमची सही कुठल्या रकान्यात घेतायत ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, कारण तोंडी गॅरंटर म्हणून सांगतात आणि कागदावर सहकर्जदार निघतो असंही होतं.

३. जामीन राहायला काय काय लागतं?

वय १८ पूर्ण पाहिजे, अज्ञान मुलाची सही कायद्याने चालतच नाही. बाकी आधार, पॅन, पगाराच्या स्लिपा किंवा इन्कम टॅक्स रिटर्न, बँकेचं स्टेटमेंट, फोटो. सिबिल (कर्जफेडीचा रिपोर्ट आणि स्कोअर) तुमचंही बघतात. पगारदार नोकरांच्या पतसंस्थेत जामीनदार त्याच संस्थेचा सभासद असावा लागतो. काही ठिकाणी मालमत्तेचा उतारा मागतात, तिथे सावध व्हा. नुसती माहिती म्हणून मागतायत का मालमत्ता तारण ठेवून घेतायत, हे विचारून घ्या, कारण दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे (प्रश्न १२ बघा).

४. बँक आधी कर्जदाराच्या मागे लागेल, त्याचं सगळं विकेल, मग उरलं तर माझ्याकडे येईल. बरोबर ना?

हा सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज. बँकेवर असं कुठलंच बंधन नाही. सुप्रीम कोर्टाने १९६८ मध्येच बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद ह्या केसमध्ये सांगितलंय की आधी कर्जदाराकडून वसुली करून बघा आणि मगच जामीनदाराकडे जा असं बँकेला सांगता येत नाही. म्हणजे कर्जदार गाडी घेऊन फिरतोय, त्याचं दुकान जोरात चाललंय, तरी बँक सरळ तुमच्याकडे येऊ शकते. आणि व्यवहारात येतेच, कारण जामीनदार बहुतेक वेळा नोकरदार असतो, पगार ठरलेला, पत्ता ठरलेला, अब्रूला घाबरणारा. ज्याच्याकडून सोपं त्याच्याकडून आधी.

५. कर्ज त्याचं, मग माझ्या सिबिलमध्ये ते का दिसतंय? आणि मला स्वतःला होमलोन मिळेल का?

कारण बँका जामीनदाराची माहितीही क्रेडिट ब्युरोला देतात. रिपोर्टमध्ये ते खातं तुमच्या नावापुढे "गॅरंटर" म्हणून दिसतं. हप्ते वेळेवर जात असतील तर स्कोअरला सहसा धक्का लागत नाही. थकले की मात्र तुमचाही स्कोअर पडतो, आणि ९० दिवसांपेक्षा जास्त थकलं तर खातं एनपीए (बँकेच्या हिशोबात थकीत कर्ज) होतं, त्याचा डाग तुमच्याही रिपोर्टवर.

होमलोनचं म्हणाल तर, नवीन कर्ज देणारी बँक तुम्ही किती रकमेला जामीन आहात हे बघते. काही बँका तो बोजा धरून तुमची पात्रता कमी करतात. त्यामुळे वर्ष-दोन वर्षांत घर घ्यायचा विचार असेल तर आत्ता दुसऱ्याच्या मोठ्या कर्जाला जामीन राहू नका, नंतर वाईट अडचण होते. भारतात चार ब्युरो आहेत (ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, सीआरआयएफ हाय मार्क) आणि चौघांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. जामीनदाराने दर तीन महिन्यांनी एकेका ब्युरोचा काढला तर वर्षभर लक्ष राहतं, पैसे लागत नाहीत.

६. सही करायच्या आधी काय बघू?

पहिलं, स्वतःला एक प्रश्न विचारा. हे पूर्ण कर्ज उद्या माझ्या अंगावर आलं तर मी घर न विकता, मुलांची फी न थांबवता भरू शकतो का? उत्तर नाही असेल तर तो माणूस कितीही चांगला असो, सही करू नका. माणूस चांगला असणं आणि त्याचा धंदा चालणं ह्या वेगळ्या गोष्टी आहेत, चांगल्या माणसांचीही नोकरी जाते, आजारपण येतं.

दुसरं, कागद. हमीपत्र घरी आणून वाचा. रक्कम किती, व्याज बदलतं का, हमी एकाच कर्जासाठी आहे का "आत्ताच्या आणि पुढच्या सगळ्या कर्जांसाठी" आहे, हे शोधा. त्या दुसऱ्या प्रकाराला चालू हमी म्हणतात, त्यात कॅश क्रेडिट (धंद्यासाठी लागेल तसं उचलायचं कर्ज) वगैरे येतं आणि आकडा फिरत राहतो. हमीची कमाल रक्कम लिहून घेता येते, विचारलं तरच मिळते. रिकाम्या जागा असलेल्या फॉर्मवर सही नाही म्हणजे नाही.

तिसरं, हप्ता चुकल्याचा मेसेज मलाही यावा असं बँकेला लेखी द्या आणि पोच घ्या. आणि कर्जदाराकडूनही एक करारनामा करून घ्या की तुमच्यावर जबाबदारी आली तर तो भरपाई देईल. त्याला कर्जखात्याचं स्टेटमेंट महिन्याला पाठवायला सांगा. जो एवढ्यावरच नाराज होतो त्याच्याबद्दल तुम्हाला आत्ताच काहीतरी कळलं.

७. सख्ख्या मेहुण्याने विचारलंय. नाही म्हटलं तर नातं तुटेल. काय करू?

हा प्रश्न खूप येतो आणि ह्याला कायद्यात उत्तर नाही. एवढंच सांगावंसं वाटतं की नकाराने नातं काही महिने ताणतं, पण थकलेल्या कर्जाने दोन्ही घरांचं बोलणं कायमचं बंद होतं, आणि त्यात बायकोला माहेर आणि सासर ह्यांच्यामध्ये उभं राहावं लागतं. नाही म्हणताना खोटी कारणं देऊ नका, "मला स्वतःला कर्ज घ्यायचंय, माझी पात्रता कमी होते" किंवा "एवढी रक्कम माझ्यावर आली तर मी भरू शकत नाही" एवढं खरं पुरतं. सही करायची नसेल आणि तरी मदत करायची असेल तर जेवढे गेले तरी चालतील तेवढे रोख द्या, तुमचं नुकसान तिथेच थांबतं. शिवाय त्याला दुसरे रस्ते दाखवा, सोनेतारण कर्ज, एफडीवर किंवा विमा पॉलिसीवर कर्ज, छोट्या उद्योगाला सीजीटीएमएसई योजनेतलं कर्ज ज्याला बाहेरचा जामीनदार लागत नाही. आणि हो, सही करायच्या आधी घरात सांगा. बायकोला किंवा नवऱ्याला न सांगता जामीन राहिलेले लोक नोटीस आल्यावर घरातच एकटे पडतात.

८. जामीनदार म्हणून कोरे चेक सही करून मागतायत. देऊ का?

शक्यतो नाही. "सिक्युरिटीसाठी फक्त" असं म्हणतात, पण सुप्रीम कोर्टाने २०१९ च्या बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार केसमध्ये म्हटलंय की स्वखुशीने सही करून दिलेला कोरा चेक दुसऱ्याने भरला तरी तो देणं फेडण्यासाठीच दिला असं गृहीत धरलं जातं, उलट सिद्ध करायची जबाबदारी तुमची. आणि जामीनदाराचा चेक बाउन्स झाला तरी निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टचं (चेक बाउन्सचा कायदा) कलम १३८ लागतं, हे २००२ पासून ठरलेलं आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही. चेक बाउन्सची नोटीस आली तर पैसे भरायला १५ दिवस मिळतात, ते घालवू नका. चेक द्यावाच लागला तर रक्कम आणि नाव घालून द्या आणि कुठल्या कर्जासाठी दिला त्याची चेक नंबरसकट पोच घ्या.

९. आता मला जामीनदारीतून बाहेर पडायचंय. अर्ज दिला की झालं?

अर्जाने काही होत नाही. कर्ज दिलेलं आहे आणि ते तुमच्या सहीवर दिलंय, त्यामुळे बँक हो म्हणाली तरच सुटका. बँक सहसा तेव्हाच ऐकते जेव्हा कर्जदार दुसरा चांगला जामीनदार आणतो, जास्तीचं तारण देतो, किंवा कर्ज दुसऱ्या बँकेत ट्रान्सफर करतो आणि तुम्ही जामीन असलेलं जुनं कर्ज बंद होतं. बाहेर पडलात तर तसं लेखी पत्र घ्या, तोंडी "काढलं तुमचं नाव" ह्याला अर्थ नाही.

चालू हमीचं थोडं वेगळं. करार कायद्याच्या कलम १३० प्रमाणे ती पुढच्या व्यवहारांपुरती नोटीस देऊन मागे घेता येते, म्हणजे आजपर्यंत जे उचललं त्याला तुम्ही बांधलेले, पण उद्या उचलेल त्याला नाही. मात्र हमीपत्रात वेगळ्या अटी असतात, त्या बघूनच नोटीस द्या.

१०. माझ्या पगारातून किती कापू शकतात? पीएफ पण घेतील का?

कोर्टाच्या हुकूमनाम्यावरून पगार जप्त होतो तेव्हा दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० लागतं. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित, बाकी एक तृतीयांश जप्त होऊ शकतो. उदाहरणार्थ धरण्यायोग्य पगार ४०,००० असेल तर ३९,००० चा तिसरा भाग, म्हणजे महिना १३,००० रुपये. एकाच हुकूमनाम्यासाठी अशी कपात एकूण २४ महिन्यांपर्यंत चालते. भविष्य निर्वाह निधीला हात लावता येत नाही, सरकारी पेन्शनलाही नाही. पेन्शन बँकेत जमा होऊन तिथून एफडीत गेली तरी हे संरक्षण जात नाही, हे लक्षात ठेवा.

११. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन आहे, १०१ ची नोटीस आलीय. हे काय आहे?

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम १०१. सहकारी संस्था थकबाकीसाठी दिवाणी कोर्टात न जाता निबंधकाकडे अर्ज करते, तिथे चौकशी होते आणि वसुलीचा दाखला मिळतो. त्यात कर्जदारासोबत जामीनदारांचीही नावं असतात. दाखला मिळाला की कलम १५६ खाली वसुली अधिकारी जप्तीची कारवाई करू शकतो.

लोक इथे सगळ्यात मोठी चूक करतात ती म्हणजे पहिली सुनावणीची नोटीस कपाटात टाकून देतात, "कर्ज माझं नाही, मी का जाऊ" म्हणून. जायलाच पाहिजे. व्याज चुकीचं लावलंय, भरलेले हप्ते जमा केले नाहीत, सहीच तुमची नाही, जे काही म्हणायचं ते तिथे लेखी म्हणा, खात्याचा उतारा मागा. कारण एकदा दाखला निघाला की त्याच्याविरुद्ध कलम १५४ खाली रिव्हिजन (फेरतपासणीचा अर्ज) करायला आधी वसुलीच्या रकमेच्या ५० टक्के भरावे लागतात. पन्नास टक्के! नोकरदार माणूस तिथेच संपतो.

पगारदार पतसंस्थेत अजून एक गोष्ट, कलम ४९ खाली मालकाने पगारातून कापून संस्थेला द्यावं असं सभासद लिहून देतो, आणि बऱ्याच ठिकाणी जामीनदाराकडूनही तसं घेतात, मग कपात नोटिशीशिवाय थेट स्लिपवरच दिसते. तिथे एकमेकांना जामीन राहायची पद्धत असते, तू माझ्या कर्जाला मी तुझ्या, आणि एक जण नोकरी सोडून गेला की चार जणांचे पगार अडकतात.

१२. माझं घर जाऊ शकतं का?

घर तारण दिलंय का नाही त्यावर आहे. जामीनदाराने स्वतःचं घर तारण दिलं असेल तर बँक सरफेसी कायदा, २००२ खाली कोर्टात न जाता ताबा घेऊ शकते. आधी कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस येते, त्यावर हरकत लेखी द्या, बँकेला उत्तर द्यावं लागतं. पुढे कलम १३(४) खाली ताब्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांत डीआरटीकडे (कर्जवसुली न्यायाधिकरण) जाता येतं. शेतजमिनीवर सरफेसी चालत नाही. घर तारण नसेल, नुसती सही असेल, तर बँकेला आधी कोर्टातून (२० लाख आणि वरच्या रकमेला डीआरटीतून) आदेश आणावा लागतो, सहकारी संस्था असेल तर १०१ चा रस्ता. वेळ लागतो, पण शेवटी तारण नसलेली मालमत्ताही जप्त होऊ शकते.

१३. आम्ही दोन जामीनदार आहोत. माझ्यावर निम्मंच येणार ना?

बँकेसाठी नाही, हमीपत्रात वेगळं नसेल तर ती पूर्ण रक्कम एकट्याकडूनही मागू शकते. तुमच्या दोघांच्या आपसात मात्र करार कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे वाटा सारखा, त्यामुळे तुम्ही जास्त भरलंत तर दुसऱ्याकडून त्याचा हिस्सा मागता येतो. बँकेने दुसऱ्याला सोडून दिलं म्हणून तुम्ही सुटत नाही.

१४. मी सगळे पैसे भरले. आता कर्जदाराकडून परत कसे घेऊ?

कायदा इथे तुमच्या बाजूने आहे. कलम १४० प्रमाणे पैसे भरल्यावर बँकेचे कर्जदाराविरुद्धचे हक्क तुमच्याकडे येतात आणि कलम १४५ प्रमाणे तुम्ही रास्तपणे भरलेलं त्याच्याकडून मागू शकता. कर्जदाराने बँकेकडे काही तारण ठेवलं होतं का ते विचारा, कलम १४१ खाली त्याचा फायदा तुम्हाला मिळतो, तारण आहे हे तुम्हाला आधी माहीत नसलं तरी. बँकेने ते तारण तुम्हाला न विचारता सोडून दिलं असेल तर तेवढ्या किमतीपुरती तुमची जबाबदारी कमी होते.

मुदत पैसे भरल्यापासून ३ वर्षं. रोख भरू नका, स्वतःच्या खात्यातून भरा, पावतीवर "जामीनदार म्हणून भरणा" लिहून घ्या, खातं बंद झाल्याचं पत्र घ्या. नात्यातला माणूस आहे म्हणून थांबत राहिलात तर तीन वर्षं कधी जातात कळत नाही, निदान त्याच्याकडून "एवढे देणं आहे" असं सही-तारखेसह मुदतीच्या आत लिहून घ्या, त्याने मुदत नव्याने सुरू होते.

१५. कर्जदार वारला तर? आणि जामीनदारच वारला तर?

कर्जदार गेला तरी तुमची हमी राहते. आधी कर्जाला विमा होता का ते बघा, बऱ्याच कर्जांबरोबर विकलेला असतो आणि घरच्यांना माहीतच नसतं. जामीनदार गेला तर दिलेल्या कर्जाची जबाबदारी त्याच्या वारसांवर येते, पण त्याच्याकडून वारशाने जेवढं मिळालं तेवढ्यापुरतीच. मुलाच्या स्वतःच्या पगारातून वडिलांची जामीनदारी वसूल होत नाही.

१६. बँकेने मला न सांगता कर्ज वाढवलं, हप्ते बदलून दिले. मी सुटलो का?

करार कायद्याचं कलम १३३ म्हणतं की जामीनदाराच्या संमतीशिवाय अटी बदलल्या तर त्यानंतरच्या व्यवहारांतून तो मुक्त. कलम १३५ मध्ये कर्जदाराला मुदत वाढवून देण्याबद्दलही तसंच आहे. ऐकायला छान, पण छापील हमीपत्रात बहुतेक वेळा "बदलांना माझी आधीच संमती आहे" असं बारीक अक्षरात असतं. म्हणून आधी स्वतःचं हमीपत्र काढा, नसेल तर बँकेकडून प्रत मागा. आणि बँक नुसती गप्प बसली, वसुलीला उशीर केला, तर कलम १३७ प्रमाणे तेवढ्याने सुटका होत नाही.

१७. मला खोटं सांगून सही घेतली. म्हणाला आधीचं कर्ज नाही, निघाली तीन कर्जं.

वाईट वाटतं पण हे स्पष्ट सांगायला पाहिजे. कलम १४२ आणि १४३ मध्ये हमी रद्द ठरते ती कर्ज देणाऱ्याने खोटं सांगितलं, किंवा त्याच्या माहितीने आणि संमतीने सांगितलं गेलं, किंवा त्याने महत्त्वाची गोष्ट दडवली तर. फक्त कर्जदार तुमच्याशी खोटं बोलला आणि बँकेला त्याचा पत्ता नाही, तर बँकेसमोर हमी टिकते, तुमचं भांडण कर्जदाराशी.

१८. मी सहीच केली नाही, तरी रिपोर्टमध्ये गॅरंटर म्हणून नाव आहे!

लगेच बँकेला लेखी तक्रार द्या, हमीपत्राची प्रत मागा, आणि ब्युरोकडे ऑनलाइन डिस्प्यूट टाका. ३० दिवसांत निकाली काढायचं बंधन आहे, नाही काढलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. सही खोटी असेल तर पोलिसांतही तक्रार करा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली नसतात, त्यांची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे.

१९. वसुलीवाले ऑफिसात फोन करतात, शेजाऱ्यांना सांगतात. चालतं का?

नाही चालत. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन, धमकी, चारचौघांत अपमान, घरच्यांना आणि मित्रांना त्रास हे सगळं बंद. कॉल लॉग आणि मेसेज जपून ठेवा. तक्रार कुठे करायची ते प्रश्न १८ मध्ये आहे. पैसे देणं लागतं ही गोष्ट त्याने जात नाही, पण घाबरून कुठेही सही करू नका.

२०. मुलाच्या एज्युकेशन लोनला काका जामीन राहतायत. गरज आहे का?

आधी विचारा. आई किंवा वडील सहकर्जदार असतातच. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारची क्रेडिट गॅरंटी योजना आहे, तिच्याखाली दिलेल्या कर्जाला तारण किंवा बाहेरचा जामीनदार घ्यायचा नसतो. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी जामीनदाराशिवाय कर्ज आहे. शाखेत "जामीनदार आणाच" म्हणाले तर कुठल्या योजनेखाली कर्ज देताय ते लेखी मागा.

२१. घटस्फोट झाला, कोर्टात ठरलं की हप्ते तो भरेल. तरी बँक मला का विचारते?

कारण बँक त्या समझोत्यात नव्हती. सहकर्जदार म्हणून तुमची सही आहे तोपर्यंत दोघंही बांधलेले. समझोता होतानाच कर्ज एकाच्या नावावर नव्याने करून घेणं किंवा घर विकून कर्ज मिटवणं हाच रस्ता, नंतर समोरच्याला हप्ते थकवायला कुणी अडवत नाही आणि स्कोअर दोघांचा पडतो.

२२. मित्राच्या कंपनीत डायरेक्टर होतो, कंपनीच्या कर्जाला पर्सनल गॅरंटी दिली होती. मी राजीनामा दिला, कंपनी दिवाळखोरीत गेली. माझा आता काय संबंध?

राजीनाम्याने डायरेक्टरपद जातं, गॅरंटी जात नाही. ती वेगळी सोडवून घ्यावी लागते (प्रश्न ९). आणि कंपनीचा दिवाळखोरीचा आराखडा मंजूर झाला म्हणून गॅरंटर आपोआप सुटत नाही, हे सुप्रीम कोर्टाने मे २०२१ मध्ये ललित कुमार जैन केसमध्ये सांगितलंय. १ डिसेंबर २०१९ पासून अशा पर्सनल गॅरंटरवर स्वतंत्र दिवाळखोरीची कारवाईही करता येते. शिवाय २५ लाख आणि वरच्या थकबाकीत ऐपत असून भरत नाही असं दिसलं तर गॅरंटरलाही विलफुल डिफॉल्टर ठरवता येतं. त्यामुळे राजीनामा देऊन झाला असेल तर आजच बँकेला पत्र द्या, राजीनाम्याची तारीख आणि तुमचं म्हणणं नोंदवा, ही चालू हमी आहे का ते तपासा, आणि त्या तारखेपर्यंत खात्यात किती येणं होतं त्याचा उतारा मागून ठेवा.